किनाऱ्याची साक्ष आणि समुद्राचे विज्ञान

समुद्रात मासळी किती आहे आणि ती वाढते आहे की घटते आहे, हे पद्धतशीर मोजण्याचा इतिहास फार जुना नाही. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था १९४७ साली स्थापन झाली आणि बंदरोबंदरी उतरणाऱ्या मासळीची नमुना-मोजणी त्यानंतर हळूहळू रुळली. कोकणकिनाऱ्यावर मासेमारी शेकडो वर्षे चालत आली आहे. तिची सलग आकडेवारी मात्र जेमतेम एका माणसाच्या आयुष्याएवढी आहे. त्याआधीचा समुद्र कसा होता, हे शोधायचे तर साधने मोजकीच उरतात. रत्नागिरी, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांची १८८०च्या दशकातली गॅझेटियरे आहेत, संग्रहालयांत जपलेले काही नमुने आहेत आणि ज्यांनी तो समुद्र पाहिला किंवा पाहणाऱ्यांच्या होडीवर उमेदवारी केली, त्या माणसांचे बोलणे आहे. पहिली दोन साधने त्रोटक आहेत, पण ती कपाटात सुरक्षित आहेत. तिसरे विपुल आहे आणि दरवर्षी थोडे थोडे नाहीसे होत आहे.

या तिसऱ्या साधनाला मौखिक इतिहास म्हणतात. त्यात किनाऱ्यावरची गाणी, कहाण्या आणि दैवतांच्या कथाही येतात. त्यांचे मोल वेगळे आहे. येथे विचार करायचा आहे तो प्रत्यक्ष साक्षीचा. कोणी, कुठे, कोणत्या जाळ्याने, कोणत्या महिन्यात काय पकडले आणि ते कधीपासून मिळेनासे झाले, याबद्दल त्या माणसाने स्वतः सांगितलेली आणि नाव, गाव, तारखेसह नोंदवून ठेवलेली हकिकत म्हणजे ही साक्ष. सागरविज्ञानात तिला बराच काळ दुय्यम जागा मिळाली. अहवालाच्या प्रस्तावनेत रंग भरायला ती चालत असे, निष्कर्षाच्या तक्त्यात तिला प्रवेश नसे. ही वागणूक शास्त्राच्या दृष्टीनेच चुकीची होती. समुद्राबद्दलच्या काही प्रश्नांना या साक्षीखेरीज दुसरा पुरावाच नाही आणि ती वगळल्यामुळे संवर्धनाची उद्दिष्टे गरजेपेक्षा कितीतरी खाली ठरवली जातात.

१९९५ साली मत्स्यशास्त्रज्ञ डॅनिएल पॉली यांनी जेमतेम पानभराचे एक टिपण प्रसिद्ध केले. त्यातली कल्पना ‘सरकती आधाररेषा’ या नावाने ओळखली जाते. प्रत्येक पिढीतला शास्त्रज्ञ आपल्या कारकिर्दीच्या सुरुवातीला दिसलेला समुद्र हाच मूळचा समुद्र धरतो आणि पुढची घट त्यावरून मोजतो. त्याच्या आधीच्या पिढीत झालेली घट त्याच्या हिशेबात येतच नाही. पुढची पिढी आणखी रोडावलेल्या समुद्रापासून सुरुवात करते. पॉली यांनी दिलेले उदाहरण त्यांच्या एका सहकाऱ्याच्या आजोबांचे आहे. १९२०च्या दशकात डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या काटेगाट समुद्रात हे आजोबा बांगड्याच्या जातीच्या माशांसाठी जाळी लावत. त्यांची तक्रार अशी की मोठमोठे ट्यूना मासे जाळ्यात अडकून त्रास देतात आणि त्यांना गिऱ्हाईक नाही. एके काळी त्या पाण्यात ट्यूना इतका होता की तो नकोसा वाटे, ही गोष्ट घरातल्या आठवणीमुळे टिकून राहिली.

पॉली यांनी मांडलेली कल्पना खरी आहे का, हे मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातात तपासून पाहण्यात आले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अकरा मच्छीमार वस्त्यांमधल्या १०८ जणांना वयाच्या तीन गटांत विभागून तेच प्रश्न विचारले गेले. पंचावन्न आणि त्यापुढच्या वयाच्या मच्छीमारांनी ‘पूर्वी भरपूर होते, आता संपले’ म्हणून जितक्या प्रजातींची नावे घेतली, ती तिशीच्या आतल्या मच्छीमारांनी घेतलेल्या नावांच्या पाचपट होती. ओस पडलेल्या मासेमारीच्या जागा त्यांनी चौपट सांगितल्या. आखातातल्या मोठ्या हेकरू जातीच्या माशाबद्दल ‘आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस’ विचारला, तेव्हा म्हाताऱ्यांच्या त्या दिवशीची पकड तरुणांच्या पकडीच्या पंचवीसपटीपर्यंत गेली. तरुणांपैकी फार थोड्यांना हे मासे कधी काळी विपुल होते याची कल्पना होती. वडील जिवंत, मुलगा त्याच होडीवर, आणि तरीही वडिलांनी पाहिलेला समुद्र मुलापर्यंत पोचलेला नाही. आठवण आपोआप वारशाने जाते, हा समज या अभ्यासाने मोडून काढला. चीनच्या यांगत्से नदीकाठीही हेच आढळले. तेथील ‘बायजी’ हा डॉल्फिन आणि प्रचंड आकाराचा पॅडलफिश नाहीसे झाल्यावर काही वर्षांतच नदीकाठच्या तरुण मच्छीमारांपैकी अनेकांनी त्यांची नावेही ऐकलेली नव्हती. प्राणी गेल्यावर त्याच्या आठवणीला उतरती कळा लागते ती अशी झपाट्याने. म्हणून साक्ष नोंदवण्याचे काम सवडीने करण्यासारखे नाही.

घट किती झाली, हे साक्षीचे एक उत्तर. जागा आणि वेळ यांबद्दल तिच्याकडे याहून बारीक माहिती असते. संशोधन-जहाज वर्षातून काही दिवस ठरावीक ठिकाणी जाळे ओढते. मच्छीमार वर्षानुवर्षे त्याच पाण्यावर असतो. पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ बेटांवर रॉबर्ट योहानेस या जीवशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात तेथील अनुभवी मच्छीमारांना विचारून मासळीच्या अंडी घालण्याच्या वेळा नोंदवल्या. चंद्राच्या तिथीनुसार अंडी घालणाऱ्या पन्नासहून अधिक प्रजाती, त्यांचे महिने आणि त्यांच्या जागा या मच्छीमारांना माहीत होत्या. त्या वेळी साऱ्या जगाच्या शास्त्रीय वाङ्मयात अशा जितक्या प्रजातींची नोंद होती, त्याहून ही संख्या मोठी होती. योहानेस यांचे या विषयावरचे पुस्तक १९८१ साली निघाले आणि उष्ण कटिबंधातल्या मत्स्यशास्त्रावर त्याचा मोठा परिणाम झाला.

अमेरिकेच्या मेन राज्यातले टेड एम्स यांचे काम या बाबतीत जवळून पाहण्यासारखे आहे. एम्स स्वतः मच्छीमार, आणि जीवरसायनशास्त्राचे शिक्षण घेतलेले. मेनच्या किनाऱ्यालगतचा कॉड मासा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ संपला. सरकारी व्यवस्थापन मात्र संपूर्ण मेन आखातातला कॉड हा एकच साठा धरून चालले होते. साठा एक असेल तर किनाऱ्याजवळ मासे संपले तरी खोल पाण्यातले मासे येऊन जागा भरून काढतील, अशी अपेक्षा ठेवता येते. प्रत्यक्षात तसे होत नव्हते. एम्स यांनी निवृत्त कप्तानांना गाठले. त्यांना त्यांनी फार साधी गोष्ट विचारली: अंड्यांनी पोट भरलेला, डेकवर टाकताच अंडी गळणारा कॉड तुम्हाला कुठे आणि कोणत्या महिन्यात मिळत असे? असा मासा जेथे मिळतो तेथे किंवा तेथून जवळच तो अंडी घालतो, हे उघड आहे. म्हाताऱ्यांना जागा आठवत होत्या, कारण त्यांची सारी मासेमारी किनाऱ्यावरच्या खुणा, पाण्याची खोली आणि तळाचा गाळ किंवा खडक यांच्या हिशेबावर चालत असे. एम्स यांनी या जागा नकाशावर मांडल्या, एकाची साक्ष दुसऱ्याशी ताडून पाहिली, खोली आणि तळ कॉडला मानवणारा आहे का हे तपासले आणि १९२०च्या दशकातल्या सरकारी पाहणीशी सगळे जुळवून पाहिले.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दिसले ते असे, की किनाऱ्यालगत कॉडचे अनेक लहान लहान स्थानिक गट होते, प्रत्येकाची अंडी घालण्याची जागा ठरलेली होती आणि पन्नास-सत्तर वर्षांपूर्वीच्या अशा जागांपैकी जवळजवळ निम्म्या आता ओसाड पडल्या होत्या. एक गट संपला की त्याची जागा रिकामीच राहत होती. साठ्याची कल्पनाच यामुळे बदलली. पुढच्याच वर्षी एम्स यांना मॅकआर्थर फेलोशिप ही प्रतिष्ठेची अभ्यासवृत्ती मिळाली. त्यांच्या अभ्यासाला महागडे उपकरण लागले नव्हते. पण आणखी वीस वर्षे थांबले असते तर तो अभ्यास कोणत्याही उपकरणाने करता आला नसता.

साक्ष कानाआड केली तर काय होते, याचे उदाहरण तेथून फार दूर नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरचे लहान मच्छीमार १९८०च्या दशकात सांगत होते की किनाऱ्याला येणारा कॉड कमी झाला आहे, लहान झाला आहे. सरकारी अनुमाने बऱ्याच अंशी खोल समुद्रातल्या मोठ्या ट्रॉलरांच्या पकडीवर आधारलेली होती आणि ट्रॉलरांना चांगली मासळी मिळत होती. मासे संख्येने घटले तरी उरलेले थवे एकत्र येतात आणि आधुनिक यंत्रे त्या थव्यांपर्यंत नेमकी पोचतात. त्यामुळे साठा ढासळत असतानाही ट्रॉलरची पकड टिकून राहते. किनाऱ्यावरच्या माणसाचे जाळे जागच्या जागी असते, म्हणून घट त्याला आधी जाणवते. २ जुलै १९९२ रोजी कॅनडाच्या सरकारने कॉडची मासेमारी बंद केली आणि सुमारे तीस हजार माणसांचे काम एका दिवसात गेले. काही वर्षांसाठी म्हणून आलेली ती बंदी दशकानुदशके लांबली.

जागच्या जागी राहणारे जाळे घट आधी दाखवते, याच कारणाने कोकणकिनाऱ्यावरच्या डोल जाळ्याचे महत्त्व मोठे आहे. वसई, उत्तन, वेसावे या पट्ट्यातले हे जुने जाळे: पिशवीसारखे लांब, तोंडाशी रुंद, शेवटाकडे अगदी बारीक आसाचे, म्हणजे छिद्रांचे. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना ते प्रवाहाच्या समोर बांधतात. भरती-ओहोटीचे पाणी त्यातून धावते आणि बोंबील, जवळा, करंदी, मांदेली त्यात साठत जातात. पाणी थबकले की जाळे उचलायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात असतो, भांगाच्या दिवसांत मंद. म्हणून सारे काम तिथीवर चालते. खुंटांच्या जागा परंपरेने घराण्यांकडे चालत आलेल्या असत. एकच जागा, एकाच तऱ्हेचे जाळे, ठरलेल्या तिथी आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच घराणे, असा हा योग आहे. शास्त्रज्ञांच्या भाषेत हे स्थिर निरीक्षणकेंद्रच झाले. फरक इतकाच की त्याची नोंदवही कोणी ठेवली नाही. ती होडी चालवणाऱ्या तांडेलांच्या डोक्यात राहिली. त्यांना नुसते ‘पूर्वी मासळी जास्त होती का’ असे विचारले तर काहीच हाती लागत नाही. खुंट किती वाव खोल पाण्यात होते, पुढे किती वाव पाण्यात न्यावे लागले आणि कोणत्या सालापासून, हा प्रश्न केला की त्या एका हिशेबातच किनाऱ्यालगतच्या पाण्याचा इतिहास उलगडू लागतो.

मुंबईच्या पाण्यातल्या चपट्या शेवंडाची कथा आकड्यांत नोंदली गेली, हा अपवादच. ट्रॉलरांनी या शेवंडाची पकड १९७०च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर सुरू केली. १९८०च्या दशकाच्या आरंभी वर्षाला शेकडो टन माल उतरत होता आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही मासेमारी संपुष्टात आली. अंड्यांवर आलेल्या माद्या जाळ्यात सर्रास येत, हे त्याचे मोठे कारण. आरंभ, बहर आणि अंत, सगळे पंधरा-वीस वर्षांत आटोपले. त्यानंतर धंद्यात आलेल्या तरुणाच्या लेखी मुंबईत हा शेवंड कधी विपुल नव्हताच. मोजणी होत होती म्हणून हे तरी कळले. ज्या मासळीला बाजारात भाव नव्हता आणि म्हणून जिची मोजणी झाली नाही, तिच्या बाबतीत असा काही पुरावा उरलेला नाही. घोळीचेही पाहावे. २०२१ साली पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका होडीला दीडशेहून अधिक घोळ मासे एकाच फेरीत मिळाले आणि ती बातमी राज्यभर गाजली. घोळीच्या वाताशयाला परदेशी बाजारात मोठी किंमत येते, म्हणून बातमीत चर्चा झाली ती पैशाची. एवढी घोळ मिळणे ही बातमी व्हावी इतके दुर्मीळ केव्हापासून झाले, हा सागरविज्ञानाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सातपाटी-मुरबे पट्ट्यातल्या जुन्या माणसांकडेच मागावे लागेल.

हे उत्तर केवळ पुरुषांकडे मागून भागणार नाही. जाळे पुरुष टाकतात; पण मासळी किनाऱ्याला लागल्यावर ती निवडणे, वाटे घालणे, वलांडीवर बोंबील वाळवणे, टोपली घेऊन बाजार गाठणे आणि भाव करणे हे बायकांचे काम आहे. कोणती मासळी टोपलीने विकली जात असे आणि ती नगावर कधी आली, कोणती पूर्वी खतात जात असे आणि आता ताटात येते, पापलेटचा आकार केव्हापासून लहान झाला, हे विक्रेतीला बिनचूक आठवते, कारण तिचा संसार त्या हिशेबावर चालला. खाड्यांतून तिसऱ्या, कालवे आणि खेकडे गोळा करणाऱ्या बायका तर ज्या चिखलाच्या पट्ट्याची सरकारी मोजणी सहसा होत नाही, त्याच्या एकमेव साक्षीदार आहेत. किनाऱ्यावरच्या मुलाखती बहुधा होडीमालक आणि तांडेल यांच्याशी होतात. त्यामुळे पुराव्याचा निम्मा भाग हातचा जातो.

स्मृतीवर विश्वास किती ठेवायचा, हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. माणसाला मोठी पकड आठवते, रिकामे दिवस विसरले जातात. तरुणपण आणि सुबत्ता मनात एकमेकांत मिसळतात. शिवाय सांगणाऱ्याचे हितसंबंध असतात: थव्याभोवती मोठे जाळे फिरवणाऱ्या पर्ससीनवाल्याला पारंपरिक मच्छीमार दोष देईल, पारंपरिक मच्छीमाराला ट्रॉलरवाला, आणि नुकसानभरपाईची चर्चा चालू असताना पूर्वीची पकड फुगवून सांगितली जाईल. सर्वांत मोठी अडचण मेहनतीच्या हिशेबाची आहे. पूर्वी शिडाची होडी आणि सुती जाळे होते. मग इंजिन आले, नायलॉन आले, बर्फ आला, मासळीचा थवा दाखवणारे यंत्र आले. आजची पकड पूर्वीइतकीच असेल, पण ती मिळवायला दहापट डिझेल जाळावे लागत असेल, तर समुद्र तोच राहिलेला नाही.

या दोषांवर इलाज आहेत. न्यायालयही साक्ष ऐकते आणि उलटतपासणीनंतरच ती ग्राह्य धरते. सर्वांत चांगल्या दिवसाबरोबर साध्या दिवसाचीही पकड विचारावी. जाळ्यांची संख्या, आस, होडीची लांबी, समुद्रात काढलेले दिवस विचारावेत; जुने जाळे घरात टांगलेले असेल तर आस मोजून घ्यावा. मुलाखती एकेकट्याच्या घ्याव्यात, मग गटात बसून नकाशा काढावा. साल आठवत नसेल तर ठळक घटनेशी सांगड घालावी: रेवसला निघालेली रामदास बोट १७ जुलै १९४७ला बुडाली, २६ जुलै २००५चा पाऊस झाला, ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आले, त्याआधीची गोष्ट की नंतरची? गावात इंजिनाची पहिली होडी आली तेव्हा सांगणारा किती वर्षांचा होता? महिना तर नारळी पौर्णिमा, गौरी-गणपती, होळी यांच्या आधाराने बहुधा नेमका निघतो. करवत माशासारखा विलक्षण दिसणारा प्राणी शेवटचा कधी पाहिला, या प्रश्नाचे उत्तर सहसा खात्रीचे असते, कारण असा प्राणी विसरला जात नाही. जगात अनेक ठिकाणी करवत माशाचा उरलेला वावर अशाच मुलाखतींतून शोधला गेला आहे. आकडेवारीही निर्दोष नसते. बंदरावर न उतरलेली, समुद्रातच फेकून दिलेली किंवा चुकीच्या नावाखाली नोंदलेली मासळी तिच्यात दिसत नाही. दोन्ही पुरावे सदोष आहेत, पण त्यांचे दोष वेगवेगळे आहेत, आणि म्हणूनच ते एकमेकांना तपासू शकतात. जेथे दोहोंत मेळ बसत नाही, तेथे शोध खरा सुरू होतो.

संवर्धनाच्या कामात या साक्षीचा उपयोग कसा होतो, हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासने दाखवले आहे. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तेथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण ग्रामस्थांबरोबर सुरू केले. मादी कोणत्या महिन्यांत किनाऱ्याला येते, वाळूवरचा माग कसा ओळखायचा आणि अंडी नेमकी कुठे असतात, हे गावाला माहीत होतेच. पूर्वी ही माहिती अंडी काढून नेण्यासाठी वापरली जात असे. तीच नजर राखणीच्या कामी आली. पुढे २०२२ साली कोकणात कासवांवर उपग्रह-टॅग बसवण्याचे काम सुरू झाले, तेही या किनाऱ्यावर अनेक वर्षांची राखण झालेली होती म्हणून शक्य झाले. मालवणचा अनुभव वेगळा आहे. तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. मच्छीमारांना विश्वासात न घेता सीमा आखल्याची भावना पसरली आणि विरोध दीर्घकाळ धुमसत राहिला. मालवणच्या पाण्यातले प्रवाळ आणि खडक जपण्यासारखे आहेत यात शंका नाही. पण कोणत्या खडकावर कोणती मासळी केव्हा जमते, कोणती जागा कोणत्या काळात सोडून देणे मच्छीमारांना परवडेल, हे आधी त्यांच्याकडून ऐकून घेतले असते तर सीमा अधिक नेमक्या आखता आल्या असत्या आणि त्या पाळणारी माणसेही मिळाली असती. आज महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा दर्जा मिळाला आणि अनेक प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरवण्यात आला. हे नियम आवश्यक आहेत. पण पापलेटच्या पुनरुज्जीवनाचे लक्ष्य किती मोठे ठेवायचे, हे १९९०च्या दशकातल्या आकड्यांवरून ठरवले आणि सातपाटीच्या जुन्या मच्छीमारांनी पाहिलेला काळ हिशेबात घेतला नाही, तर रोडावलेला समुद्रच पूर्ण समुद्र म्हणून कायदेशीर होऊन बसेल.

साक्ष गोळा झाल्यावर ती कुणाची, हा प्रश्न उरतो. नॉर्वेमध्ये स्थानिक मच्छीमारांच्या जागा नकाशावर आणताना तो ठळकपणे पुढे आला: जी जागा गावापुरती माहीत होती, ती छापील नकाशावर आली की कोणालाही खुली होते. अंडी घालण्याच्या जागांच्या बाबतीत धोका अधिक आहे, कारण थवा एका ठिकाणी जमलेला असताना मोठी बोट तो एका रात्रीत उपसू शकते. म्हणून सांगणाऱ्याची संमती दोन टप्प्यांत घेतली पाहिजे: मुलाखत नोंदवण्यासाठी एकदा, आणि तिच्यातले काय प्रसिद्ध करायचे हे ठरवण्यासाठी पुन्हा. नेमक्या जागा संशोधकांपुरत्या बंद ठेवता येतात. ध्वनिमुद्रणाची प्रत गावात, शाळेत किंवा मच्छीमार सहकारी संस्थेत राहायला हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय सागरी आणि वातावरण प्रशासनाने मच्छीमार आणि किनारी समाजांच्या हजारांहून अधिक मुलाखतींचा संग्रह सर्वांसाठी खुला ठेवला आहे. महाराष्ट्रात असे काम काही व्यक्ती आणि लहान संस्था स्वतःच्या बळावर करतात, त्यामागे सलग सरकारी पाठबळ नाही. मत्स्यविभाग, विद्यापीठांतले प्राणिशास्त्र आणि इतिहास विभाग आणि सहकारी संस्था यांनी मिळून झाई-बोर्डीपासून वेंगुर्ल्यापर्यंत बंदरवार असा संग्रह उभारला, तर त्याला लागणारा खर्च एका संशोधन-जहाजाच्या वर्षभराच्या इंधनाहून फारसा अधिक नसेल. मुलाखती घेणारे तरुण त्याच कोळीवाड्यांतले असावेत. वाव, उधाण, भांग, डोल हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही आणि आजीने काय गाळले हेही त्यांच्या लक्षात येते.